वकिलावांचून फिर्याद

गतवर्षीं जुळे सोलापुरांतील माझ्या घराच्या हद्दीवरून एक लहानसा तंटा दिवाणी न्यायालयांत नेण्याची पाळी मजवर आली. वकील न देतां आपली बाजू आपणच मांडावी, असें मीं ठरविलें. दाव्याचा मजकूर मराठींत, वळणदार अक्षरांत लिहून काढला. सारा जन्म मुलांच्या वह्या तपासण्यांत गेलेल्या मास्तरास तेवढें येणारच. पण आतां कागद संगणकावरून दाखल करण्याची सोय झाली आहे, तेव्हां तीच वाट धरावी, असें नातवाचें म्हणणें पडलें. त्या खटपटींत आठवडा गेला, आणि मन वारंवार जुन्या काळाकडे वळूं लागलें.

पेशवाईंत तंटा पंचांपुढें गेला कीं, निवाडा मान्य करूं असा 'राजीनामा' वादी व प्रतिवादी लिहून देत. (आज नोकरी सोडतांना देतात त्या कागदास हेंच नांव पडलें, ही भाषेची गंमत.) शिवाय जामीन, आणि मग ज्याची त्याची 'तकरीर', म्हणजे आपलें म्हणणें. जिंकणारा सरकारांत 'हरकी' भरी, हरणारा 'गुन्हेगारी'. सनद घेतलेला वकील तेथें नसे. मनुष्य स्वतःच उभा राही. तरी तकरीर मोडींत लिहावयाची, आणि ज्यास मोडी येत नसे त्या कुणब्याचें गाऱ्हाणें लेखणी धरणाऱ्या दुसऱ्याच्या हातून कागदावर उतरे. उतरतांना त्यांतलें किती गळे, हें कोण सांगणार?

१८१८ मध्यें पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टन साहेबांनीं पंचायती एकदम मोडल्या नाहींत. पण १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनांनीं कोर्टाची नवी रीत घालून दिली, व तींतच सनदी वकिलाचें स्थान ठरलें. पुढें १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनें पक्षकारानें स्वतः उभें राहण्याचा मार्ग खुला ठेवला. तो आजही खुला आहे.

त्याच १९०८ सालच्या जुलै महिन्यांत राजद्रोहाच्या खटल्यांत लोकमान्य टिळक मुंबईच्या उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति दावर यांजपुढें आपला बचाव आपणच करीत होते. एकवीस तास दहा मिनिटें ते बोलले. ते स्वतः एल्‌एल्‌. बी.; कायदा त्यांस कोणी शिकवावयास नको होता. अडचण निराळी होती. 'केसरी'तील लेख मराठी, ज्यूरींतील नवांपैकीं सात युरोपियन, आणि त्यांच्या हातीं होतें तें इंग्रजी भाषांतर. तें मुळास सोडून आहे, हें शब्दाशब्दानें दाखविण्यांत लोकमान्यांचा पुष्कळ वेळ गेला. बोलण्याचा हक्क पुरता मिळाला. कागद मात्र दुसऱ्याचाच राहिला. २२ जुलैस सात विरुद्ध दोन मतांनीं ते दोषी ठरले व सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली.

जिल्ह्याच्या न्यायालयांत १९९८ पासून मराठी ही न्यायालयाची भाषा झाली, ही आमच्या पिढीची मोठीच कमाई. उच्च न्यायालयाचें कामकाज मात्र इंग्रजींतच चालतें. तेथें स्वतः उभें राहूं इच्छिणारास २०१५ च्या नियमांप्रमाणें आधीं अधिकाऱ्यांपुढें जावें लागतें. हा गृहस्थ न्यायालयास साहाय्य करूं शकेल कीं नाहीं, हें ते पाहतात. जन्मभर दुसऱ्यांची परीक्षा घेतलेल्या मजसारख्यास तें कसेंसेंच वाटलें. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास सर्किट बेंच बसूं लागलें व सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेंत आला. मुंबईची वारी वांचली, इंग्रजी वांचली नाहीं.

आतां ई-फायलिंगविषयीं. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें इलेक्ट्रॉनिक कागदास व सहीस मान्यता दिली. २००७ मध्यें ई-कोर्ट योजना मंजूर झाली. २०२३ मध्यें मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्यास ७,२१० कोटी रुपये आहेत. आपण वकील कीं स्वतः पक्षकार, हें सांगून नांव नोंदवावयाचें, कागदांची पीडीएफ चढवावयाची, शुल्क भरावयाचें, आणि 'आधार'वरून सही करावयाची. मग छाननी. माझा दावा एकदां परत आला, कारण नकाशाचें पान आडवें चढलें होतें. यंत्र तुमची जात विचारीत नाहीं, ताटकळत बाहेर बसवून ठेवीत नाहीं, हें मी त्याच्या बाजूनें कबूल करतों.

दुसऱ्या खेपेस मी न्यायालयाच्या आवारांतील ई-सेवा केंद्रांत गेलों. वकिलावांचून आलेल्यांना तेथें कागद चढवून देतात. नागपुरास ३१ ऑक्टोबर २०२० रोजीं 'न्याय कौशल' नांवाचें असें पहिलें मोठें केंद्र निघालें होतें. माझें काम पाव तासांत झालें. शेजारीं मंगळवेढ्याकडील एक वृद्ध शेतकरी बसला होता. पिशवींत सातबारा, हातांत साधा फोन. तेथील मुलीनें त्याचे सारे कागद नीट लावून दिले, आणि शेवटीं भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी विचारला. त्याच्या आधारास जोडलेला नंबर मुलाचा होता, आणि मुलगा पुण्यास कारखान्यांत कामावर. म्हाताऱ्यानें चार वेळां फोन लावला. नंतर माझ्याकडे वळून त्यानें विचारलें, "मास्तर, अंगठा चालत न्हाई व्हय हितं?"