गिरणगावातला पहारा

वाचक माउलींनो, गिरणगावाचा इतिहास म्हटला की गिरण्या, भोंगे, चाळी आणि संप एवढेच बहुधा लिहिले जाते. त्याच वस्तीत आपल्या संप्रदायाचाही इतिहास घडला. मी लालबागच्या चाळीत लहानाचा मोठा झालो, म्हणून तो आपल्यापुढे ठेवतो.

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्या उभ्या राहिल्या. कामाला माणसे आली ती कोकणातून आणि घाटावरून. घाटावरचा वारकरी गळ्यातल्या माळेसह आला, कोकणातल्या माणसाने आपल्या भजनाच्या चाली आणल्या. एका खोलीत पंधरा-पंधरा जण राहत. दिवसपाळीचे कामावर गेले की त्यांच्याच जागी रात्रपाळीचे आडवे होत.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. पण एकादशी काही रविवार पाहून येत नाही! पंढरीला जावे तर खाडा पडे आणि पगार कापला जाई. ज्याला वारी साधली नाही, तो आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात माथा टेकवून येई.

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, हे आपण जाणताच. गावाकडे मध्यरात्रीनंतरच्या पहाऱ्याला माणूस मिळवताना दमछाक होते. आमच्या चाळीत ती अडचण नव्हती. पहाऱ्याची यादीच गिरणीच्या पाळ्या पाहून होई. रात्री दुसरी पाळी सुटली की केसांत कापूस अडकलेला कामगार नळावर हातपाय धुई आणि वीणा गळ्यात घेई. सकाळी रात्रपाळीचा येऊन ती उतरवून घेई. ज्या पाळ्यांनी माणसांची झोप मोडली, त्यांच्याच आधाराने नाम अखंड चालले. पुढे कीर्तनाच्या निमित्ताने पुष्कळ गावे फिरलो, परंतु ‘अखंड’ या शब्दाचा अर्थ मला तिथेच कळला.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्या वर्षी सप्ताहात पहाऱ्याला माणसांचा तोटा नव्हता, तोटा होता तो पंगतीच्या शिध्याचा. तरी काला झाला. कुणी मूठभर लाह्या आणल्या, कुणी वाटीभर दही. वीणा खाली ठेवली गेली नाही.

नंतर अनेकांनी गावची वाट धरली. गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती आल्या. चाळी पाडल्या तशी मंडळेही पांगली.

म्हणून एक विनंती. आपल्या घरी जुन्या भजनी मंडळाची वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. तीत अभंगांबरोबर पहाऱ्याची नावेही सापडतील. घरातल्या थोरल्या माणसाला विचारा, ‘आजोबा, तुमची पाळी कोणती होती आणि पहारा कोणता?’ ते जे सांगतील, ते त्याच वहीत लिहून ठेवा.

राम कृष्ण हरी.