रतनवाडी : प्रवरेच्या उगमाजवळचे गाव

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडी वसली आहे. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. सह्याद्रीत माथा गडाला आणि पायथा गावाला, अशी वाटणी झाली. गडावरच्या खोदीव टाक्यांचे पाणी शिबंदीपुरते. भात पिकतो तो खालच्या खाचरांत.

गावाची जुनी ओळख म्हणजे अमृतेश्वराचे मंदिर. शिलाहार राजा झंझ याने बारा शिवमंदिरे बांधल्याचा उल्लेख त्या घराण्याच्या ताम्रपटात आहे आणि अमृतेश्वर त्यांतलेच, अशी परंपरा आहे. अरब प्रवासी अल मसुदी इ.स. 916 च्या सुमारास चौलला आला, तेव्हा हाच झंझ गादीवर होता. पण मंदिराचे शिखर भूमिज शैलीचे आहे. छोट्या शिखरांच्या प्रतिकृती उभ्या-आडव्या ओळींत रचत नेलेले हे शिखर 1060 च्या अंबरनाथ मंदिराच्या कुळातले दिसते. त्यामुळे मंदिर अकराव्या शतकातले मानणे अधिक पटते. अंबरनाथचे शिखर ढासळले, इथले मात्र जवळपास शाबूत आहे. गाभाऱ्यात दोन बाजूंनी जाता येते, एकीकडून मंडपातून आणि दुसरीकडून थेट. ही मांडणी विरळाच. जवळच्या पुष्करणीच्या भिंतींत देवकोष्ठे असून त्यांत प्रामुख्याने विष्णूच्या मूर्ती आहेत.

वर रतनगडावर रत्नादेवीची गुहा आणि कड्यातले आरपार भोक, म्हणजे नेढे आहे. पेशवाई संपल्यावर गड इंग्रजांकडे गेला. त्यांच्याविरुद्ध याच तालुक्यातील देवगावच्या राघोजी भांगरे यांनी बंड केले. 1848 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

प्रवरेच्या खोऱ्याचे रूप पालटले ते धरणाने. भंडारदऱ्याचे दगडी धरण 1910 ते 1926 या काळात उभे राहिले आणि मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. खोऱ्यातली सखल जमीन पाण्याखाली गेली, जलाशयाचे शेपूट रतनवाडीजवळ येऊन टेकले. साठलेले पाणी प्रवरेच्या कालव्यांनी श्रीरामपूर, राहात्याकडे गेले. तिथे ऊस वाढला आणि 1950 मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पाऊस झेलणाऱ्या गावांकडे मात्र राब भाजून, चिखलणी करून घ्यायचे पावसाळी भाताचे पीकच राहिले. या पाण्याचा हिशेब मांडताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

1986 पासून हा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. पूर्वी भंडारदऱ्याहून होडीने येण्याचा रिवाज होता. आता शेंडीहून जलाशयाला वळसा घालून गाडीरस्ता येतो. वळवाच्या सुमारास काजवे पाहायला, पावसाळ्यात धबधब्यांसाठी आणि हिवाळ्यात गडासाठी गर्दी होते. यांतले बहुतेक जण मंदिरावरून घाईने पुढे जातात. गड चढणाऱ्याने निदान तासभर तरी अमृतेश्वरासाठी राखून ठेवावा.