बेरेनिकेची मांजरे आणि कल्याणचे बंदर

भांडुपमधील एका शाळेत प्राचीन इजिप्तविषयी बोलत असताना आठवीतल्या एका मुलीने विचारले, "मांजर जर इजिप्तचे, तर मग ते आमच्या चाळीत कसे आले?" प्रश्न साधा होता, उत्तर साधे नाही. ते शोधताना मला पुन्हा आपल्याच लोकलच्या मार्गावर, कल्याणला यावे लागले.

प्रथम इजिप्तचे पाहू. नाईलच्या काठी धान्याची कोठारे उभी राहिली, उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. जगातील सर्व पाळीव मांजरांचा पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशियातील हे रानमांजर, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने दाखवून दिले. इजिप्शियन भाषेत मांजराला 'मिऊ' अशा उच्चाराचा शब्द होता. तो कसा सुचला असेल, हे विद्यार्थ्यांना सांगावे लागत नाही! थडग्यांतील चित्रांत मांजर घरमालकिणीच्या खुर्चीखाली बसून मासा खाताना दिसते. बास्तेत ही देवी आरंभी सिंहमुखी होती. पुढे तिला मांजराचे तोंड आले आणि तिचे बुबास्तिस हे नगर मोठे यात्रास्थान बनले. इ.स.पू. पाचव्या शतकातील हिरोडोटस लिहितो, की घरातले मांजर मेले तर घरची माणसे भुवया काढून टाकत. इ.स.पू. पहिल्या शतकात डायोडोरसने सांगितलेली हकिकत तर प्रसिद्धच आहे. एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेले, तेव्हा जमावाने त्याला ठार केले. राजाचे अधिकारीही त्याला वाचवू शकले नाहीत. मांजर मारल्यास काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, असे आपल्याकडच्या आज्या सांगत. त्या मानाने आपली शिक्षा बरीच सौम्य म्हणायची.

पण या भक्तीला दुसरी बाजू आहे. ती बहुतेक पाठ्यपुस्तकांत येत नाही. उत्तरकाळात यात्रेकरू देवीला मांजराची ममी वाहू लागले आणि मागणी पुरवण्यासाठी मांजरे मुद्दाम वाढवली जाऊ लागली. क्ष-किरणांनी तपासलेल्या ममींत कोवळ्या वयाची, मान मोडलेली पिल्ले पुष्कळ सापडतात. मँचेस्टरच्या संशोधकांनी आठशेहून अधिक प्राणी-ममी तपासल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश गाठोड्यांत प्राण्याचा अवशेषच नव्हता. ज्याला मारल्याबद्दल मृत्युदंड, त्याचीच देवासाठी पैदास आणि हत्या! पुढे १८९० साली अशा ममींचा सुमारे १९ टन माल इंग्लंडात लिव्हरपूलला उतरला आणि खत म्हणून विकला गेला.

म्हणूनच मला बेरेनिके अधिक महत्त्वाचे वाटते. तांबड्या समुद्राच्या इजिप्शियन किनाऱ्यावरचे हे बंदर इ.स.पू. तिसऱ्या शतकात वसले आणि रोमन काळात भारताशी होणाऱ्या व्यापाराचे मोठे ठाणे बनले. भोवती वाळवंट, नाईलकाठचे कॉप्टॉस उंटांच्या तांड्याने बारा दिवसांवर. गावाबाहेरच्या उकिरड्याखाली पोलिश पुरातत्त्वज्ञांना इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील प्राण्यांची दफनभूमी सापडली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ५८५ प्राण्यांची नोंद आहे. त्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक मांजरे आहेत. ममी एकही नाही, बळी दिल्याच्या खुणा नाहीत. प्राणी झोपल्यासारखे ठेवलेले आहेत. काही मांजरांच्या गळ्यात लोखंडी पट्टे, तर काहींच्या मण्यांच्या माळा आहेत. दात पडलेली, सांधे धरलेली म्हातारी जनावरेही तेथे आहेत. जिथे माणसाचे धान्यसुद्धा बाहेरून आणावे लागे, तिथे दात नसलेल्या कुत्र्याला कोणी तरी मऊ अन्न भरवत होते.

या दफनभूमीत माकडेही निघाली. ती आफ्रिकेतील असावीत असे आधी वाटले होते. हाडांच्या बारकाईने केलेल्या तपासणीत ती भारतीय ठरली. माकडे आली ती अर्थातच जहाजांतून. ही जहाजे जुलैच्या सुमारास इजिप्त सोडत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर भारत गाठत आणि डिसेंबर-जानेवारीत ईशान्येच्या वाऱ्यांवर परतत. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत आपल्या किनाऱ्यावरील सुप्पारा, कल्लिएना आणि सेमिल्ला ही बंदरे नोंदलेली आहेत. म्हणजे सोपारा, कल्याण आणि चौल. राजकीय भांडणामुळे कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी तक्रारही त्यात आहे. भांडुपच्या डोंगरापलीकडे कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण व सोपाऱ्याच्या दात्यांचे शिलालेख आहेत. सहल तिकडे गेली तर ते अवश्य दाखवावेत. बेरेनिकेला भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी, सागवानाच्या फळ्या आणि सातवाहनांची दोन नाणीही मिळाली.

आता मांजराकडे येऊ. मायटोकॉन्ड्रियामधील डीएनए केवळ आईकडून मिळतो, त्यामुळे आईच्या वंशाचा माग काढता येतो. २०१७ साली प्राचीन मांजरांच्या मोठ्या अभ्यासात बेरेनिके येथे एक विलक्षण गोष्ट आढळली. तेथे आशियाई रानमांजराच्या वंशाचा डीएनए मिळाला. हे ठिपकेदार रानमांजर मध्य आशियापासून कच्छ-राजस्थानपर्यंतच्या कोरड्या भागात राहते. इजिप्तमध्ये ते नसते. त्या मांजराची कोणी तरी पणजी पूर्वेकडून समुद्र ओलांडून आली असावी. ती कल्याणच्या धक्क्यावर जहाजात चढली की भडोचला, हे डीएनए सांगत नाही, आणि तसे ठामपणे लिहिण्याचा मोह मी टाळतो. पण जहाजातल्या धान्यावर आणि दोरखंडांवर उंदीर असणारच, आणि कोणत्याही तांडेलाला मांजर हवेच असणार.

मांजर आपल्याकडे पहिल्यांदा कधी आले, हा प्रश्न मात्र याहून जुना आहे. सिंधमधील चान्हुदडो येथे हडप्पाकालीन विटेवर मांजराच्या पावलांचे ठसे आहेत आणि त्याच विटेवर कुत्र्याचेही. वीट ओली असताना दोघेही तिच्यावरून पळाले. ते मांजर घरचे होते की रानातले, हे ठशावरून ठरत नाही. पाठलाग कोण करत होते, हे मात्र त्या मुलीने लगेच सांगितले.