वैद्यकीय व्यवसायातील विविधता
डॉक्टरी पेशात स्त्रिया आणि वेगवेगळे वंश, जाती-जमाती व प्रदेश यांना मिळालेला वाटा. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून पदवीधर झाल्या; त्याच महाविद्यालयात जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या सबात इस्लामबूली शिकत होत्या. आनंदीबाईंना व्यवसाय करण्याइतके आयुष्य लाभले नाही. ते काम केले रखमाबाईंनी. सुतार समाजातल्या, लादलेला बालविवाह नाकारून न्यायालयात उभ्या राहिलेल्या या बाईंनी लंडनमध्ये शिकून सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

मराठवाड्यात प्रश्न प्रदेशाचाही आहे. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चे; त्याआधी भोकर-किनवटकडच्या मुलामुलींना अंबाजोगाई किंवा औरंगाबाद गाठावे लागे. ७०:३० सूत्राने ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना मिळत. मुळात महाविद्यालयेच कमी असलेल्या मराठवाड्याला हे संरक्षण महागच पडले. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झाले. अनुसूचित जमातींना राज्यात ७ टक्के आरक्षण आहे. मात्र प्रवेशानंतरच्या वागणुकीचा प्रश्न २०१९ मध्ये मुंबईत आदिवासी समाजातल्या पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर ऐरणीवर आला.