छायाचित्र : इतिहासाचा साक्षीदार

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी लाला दीनदयाळ या जैन कलावंतास दरबारी छायाचित्रकार नेमले व ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. गुणांची कदर करताना धर्म आड आला नाही. दीनदयाळ १९०५ साली निवर्तले. परंतु त्यांच्या काचेच्या निगेटिव्हवर त्या काळचे महाल, किल्ले व रस्ते आजही पाहता येतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. पुढे गावे नव्या जागी वसली. जुन्या गल्ल्या आता फक्त आठवणीत आणि कोणाच्या पेटीत फोटो असेल तर त्यात उरल्या आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, कंधार, औसा, उदगीरच्या किल्ल्यांचे फोटो पुष्कळ निघतात. आपल्या मोहल्ल्यातील जुनी कमान, आजोबांचे घर यांचे कोण काढतो? ते तुम्ही काढा. मागे ठिकाण, तारीख व वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती लिहा. माहितीवाचून फोटो हा मुका साक्षीदार होय.