सेवा करणारे हात



आपल्या पुणतांब्याला गोदाकाठी चांगदेव महाराजांची समाधी आहे. महाराज चौदाशे वर्षे जगले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. एवढ्या वयोवृद्ध योग्याला गुरू भेटली ती मुक्ताबाई, एक लहानशी मुलगी. आपल्या गावच्या कथेत म्हातारपणाला मुलीचा आधार असा सापडतो; परंतु आईबापांच्या सेवेचा इतिहास पाहू गेले, तर तेथे मुलीचे नाव फार उशिरा येते. तो इतिहास मला समजला तसा येथे मांडते.

सेवा म्हटली की आपल्याला दोन नावे आठवतात, पुंडलिक आणि श्रावणबाळ. पुंडलिकाने आईबापांची सेवा चालली असता साक्षात पांडुरंगाला विटेवर थांबविले. श्रावणाने आंधळ्या मातापित्यांची कावड खांद्यावर वाहिली. दोघेही पुत्र. पूर्वीच्या धर्मशास्त्रानेही वृद्ध आईबापांचा भार पुत्रावरच ठेवला. आपल्या राज्यात ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांना सरकार दरमहा पैसे देते, त्या योजनेचे नावही श्रावणबाळाचेच. पण घरात पाहावे तर पेज भरविणे, अंथरूण बदलणे, रात्री उठून पाणी देणे, ही कामे बहुधा सुनेच्या वाट्याला आलेली असतात. कीर्ती मुलाची आणि कष्ट सुनेचे, अशी ही जुनी वाटणी आहे.

त्यातून आता म्हातारपण लांबले आहे. देश स्वतंत्र झाला तेव्हा माणसाचे सरासरी आयुष्य सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. पूर्वी मुले पुष्कळ दगावत म्हणूनही तो आकडा लहान होता, हे खरे. तरीपण आता घरोघरी ऐंशी ओलांडलेली माणसे आहेत, ही देवाची कृपाच. मात्र घरात माणसे थोडी, आणि सांभाळणारीला शेत, दूध, मुलांच्या शाळा हेही पाहावयाचे असते.

आता कायद्याकडे वळू. इंग्रजी अमदानीतील १८९८ च्या फौजदारी कायद्यात पोटगी होती ती बायको आणि मुले यांना, आईबापांना नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली हिंदूंसाठी दत्तक व निर्वाहाचा कायदा झाला. निराधार वृद्ध आईबापांना पोसणे हे मुलाचे तसे मुलीचेही कर्तव्य, असे त्यात प्रथमच स्पष्ट लिहिले गेले. पुढे १९७३ च्या फौजदारी कायद्याने आईबापांना मॅजिस्ट्रेटकडे पोटगी मागता येऊ लागली.

तरीही एक शंका राहिली. लग्न होऊन परघरी गेलेल्या मुलीकडे बापाला पोटगी मागता येते काय? कल्याणच्या एका डॉक्टर बाईंवर त्यांच्या वडिलांनी असा अर्ज केला. कायद्यात ‘त्याचे आईवडील’ असे शब्द आहेत, ते मुलालाच लागू, असे बाईंचे म्हणणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८७ साली निकाल लागला की, लग्नाने मुलगी आईबापांची मुलगी असण्याचे थांबत नाही. तिच्यावरही जबाबदारी आहे. मात्र नवऱ्याच्या मिळकतीवाचून तिची स्वतःची ऐपत असली पाहिजे, हेही न्यायालयाने सांगितले.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. तो एका बाईच्या विरुद्ध गेला खरा, पण ‘दिल्या घरची’ म्हणून आपले जे माहेर तुटते, ते त्याने जोडून दिले. पुढे महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबर हक्क मिळाला. हक्क आला तशी जबाबदारीही आली, हे न्यायाचेच झाले.

२००७ साली वृद्धांसाठी स्वतंत्र कायदा झाला. मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्याकडून निर्वाह मागण्यासाठी प्रांताच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरविता येते. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन लिहून दिली आणि पुढे सांभाळले नाही, तर ते दानपत्र रद्द होऊ शकते. म्हणून कागद करताना ती अट लिहून घ्यावी, एवढे प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला सांगून ठेवा.

या कायद्यातील अपत्यांच्या यादीत सून नाही. म्हणजे जी रात्रंदिवस खपते, ती कायद्यालाही दिसत नाही! कायदा पैसा देववील, पण कुशीवर वळविणारा हात कोठून देववील? माझ्या सासूबाई अंथरुणाला आहेत आणि माहेरी आईची दृष्टी गेली आहे. दोन्ही माझ्याच आया. एकीजवळ बसले की दुसरीचा जीव अडकतो. अशा कितीतरी जणी आपल्या मंडळात आहेत.

तेव्हा माझी दोन मागणी आहेत. मुलांना लहानपणापासून आजीआजोबांची सेवा शिकवावी. पुंडलिकाचे नाव घेणाऱ्याने पुंडलिकाचे कामही करावे. आणि एखादी माहेरी आईला पाहावयास निघाली, तर तिच्या सासूजवळ दोन दिवस आपण मंडळाच्या भगिनींनी पाळीपाळीने बसावे. याला वर्गणी लागत नाही. या वर्धापनदिनी एवढे ठरविले, तर पुष्कळ म्हाताऱ्यांचा दुवा आपल्या मंडळाला मिळेल.