पायाळू प्रसूती

(ब्रीच प्रसूती). गर्भाच्या डोक्याऐवजी कुल्ले किंवा पाय आधी जननमार्गात उतरतात अशी प्रसूती. अठ्ठाविसाव्या आठवड्यात सु. २० ते २५ टक्के गर्भ या स्थितीत असतात. बहुतेक पुढे आपोआप फिरतात. दिवस भरल्यावर ३ ते ४ टक्केच उरतात.

प्रकार : कुल्ले पुढे व पाय गुडघ्यात सरळ, मांडी घातल्यासारखा, पाऊल पुढे. शेवटच्यात नाळ निसटण्याची भीती सर्वांत जास्त.

हाताळणी : शरीराचा सर्वांत मोठा व कठीण भाग, डोके, शेवटी येतो, कळांनी त्याला आकार घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून मुख्य पथ्य एकच, ओढायचे नाही. बेंबीपर्यंत बाळ आईच्या जोरानेच यावे. घाईने ओढल्यास हात डोक्याच्या बाजूला वर जातात, हनुवटी छातीपासून सुटते आणि डोके अडकते. धरायचे ते कटीच्या हाडांवर, फडक्यातून, अंगठे त्रिकास्थीवर ठेवून. बाळाचे पोट दाबले गेल्यास यकृताला इजा होते. बाळाची पाठ वरच्या बाजूस राहिली पाहिजे. हात अडकल्यास लोव्हसेट पद्धतीने बाळाला अर्धा वळसा देऊन एकेक हात मोकळा करतात. मानेवरील केसांची कड दिसेपर्यंत बाळ लोंबते ठेवतात. मग ते हातावर पालथे घेऊन दोन बोटे गालफडांवर टेकवतात, दुसऱ्या हाताने खांदे धरतात आणि मदतनीस आईच्या ओटीपोटावरून दाबून डोके वाकते ठेवतो (मोरिसो–स्मेली–वाइट पद्धती). बोट तोंडात घालण्याची जुनी रीत जबड्याला इजा होत असल्याने टाकली गेली. डोके काढण्याचा पर्याय : पायपर चिमटा (१९२४).

बाह्य आवर्तन : छत्तिसाव्या आठवड्यानंतर पोटावरून बाळ फिरवणे, सु. निम्म्या वेळा साधते.

इतिहास : सुश्रुतसंहितेत मूढगर्भाच्या (अडलेल्या गर्भाच्या) प्रकरणी कुल्ले पुढे असल्यास ते वर सारून पाय काढावेत, असे सांगितले आहे.

सिझेरियनचा वाद : २६ देशांतील २,०८८ स्त्रियांच्या चाचणीत (२०००) नियोजित सिझेरियननंतर बालमृत्यू व गंभीर आजार १.६ टक्के, नियोजित योनिमार्गी प्रसूतीत ५ टक्के आढळले. जगभर सिझेरियन रूढ झाले. मात्र दोन वर्षांनी त्याच मुलांच्या मृत्यूत वा मेंदूच्या वाढीत फरक दिसला नाही, आणि फ्रान्स-बेल्जियममधील पाहणीने (२००६) निवडक स्त्रियांत योनिमार्ग सुरक्षित ठरवला. मतभेद आहेत.

लोकसमजुती : पायाळू माणसाच्या लाथेने उसण जाते.

प्रशिक्षण : सिझेरियन रूढ झाल्याने आता बहुतेक पुतळ्यावर. कुल्ले दिसू लागल्यावरच दवाखान्यात पोचणाऱ्या बाईसाठी मात्र हाताळणीच्या वरील पद्धती आजही लागतात.